आडनावावरून देव ओळखता येत नाही

सरकारी दवाखान्यात रुग्ण भरती करताना जो केसपेपर भरतात, त्यावर बऱ्याच ठिकाणी धर्माचा रकाना असतो. तो भरला जातो नावाकडे बघून. पवार, जाधव, वाघमारे आलं की 'हिंदू', शेख-मुलाणी आलं की 'मुस्लिम'. विचारत कोणी नाही, आणि भरलेला रकाना पुढं कोणी वाचतही नाही. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात ही सवय फार लवकर उघडी पडते. इथला पवार मराठा असेल किंवा कातकरी. वाघमारे कातकरी असेल किंवा बौद्ध. जाधव तर कोणीही असू शकतो, ख्रिस्तीसुद्धा. आडनाव एकच असलं, तरी घरातलं माणूस अत्यवस्थ झालं की तीन घरं तीन वेगळ्या गोष्टी मागतात.

तालुक्याचं पश्चिमेचं टोक ताम्हिणी घाटात आणि पूर्वेचं हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत. मधे भातखाचरं, टाटांचं धरण, त्या धरणाखाली गेलेल्या गावांची वर सरकलेली देवळं, धनगरवाडे, कातकरी वस्त्या, आणि गावोगावी मुलाण्यांची दोन-चार घरं. हिंजवडी-मारुंजीच्या बांधकामांवर बिहार, झारखंड, ओडिशातले मजूर. वरच्या मजल्यांवर बंगाली, मल्याळी, पंजाबी अभियंते. या सगळ्यांसाठी पौडचं ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रं, लवळ्याचं सिंबायोसिसचं रुग्णालय, हिंजवडीतले खासगी दवाखाने, आणि फारच झालं तर पुण्याचं ससून. रुग्णाच्या श्रद्धेचं दवाखान्यात काय करायचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या परिसंवादांचा वाटतो. पण तो रोज पौडच्या वॉर्डात उभा असतो, फक्त त्याला नाव नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या दवाखान्यांत देव सगळीकडे आहे. दारात गणपती, दसऱ्याला यंत्रांना झेंडूची माळ, उशीखाली अंगारा. आणि तरीही रुग्णाला 'तुमचं काय?' हे विचारायची सोय कुठेच नाही. जे होतं ते सिस्टर आणि मावशींच्या चांगुलपणावर होतं, आणि बहुतेक वेळा डॉक्टरांच्या पाठीमागे.

न विचारण्याची किंमत पुण्यानं एकदा मोजलेली आहे. 1897 च्या प्लेगात साथरोग कायदा आला, प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरले, स्वयंपाकघरात आणि देवघरात बुटांसकट गेले, बायकांची तपासणी रस्त्यावर झाली. आजारी माणूस वेगळा ठेवणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच होतं. पण लोकांनी आजारी माणसं लपवली, प्रेतं घरात पुरली, शहर सोडून रानात गेले. रँडवर 22 जूनला गोळ्या झाडल्या गेल्या, हे शाळेतल्या इतिहासात येतं. त्याच साथीत हिंदूंसाठी वेगळं प्लेग रुग्णालय काढण्यात टिळकांनी पुढाकार घेतला, हे मात्र येत नाही. अन्न कोणी शिजवलं, पाणी कोणी दिलं यावर माणसं दवाखान्यात जायचं की नाही ते ठरवत होती. या सोयीत जातीचा वासही होता, तो झाकायचं कारण नाही. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात रुग्णाला आणताना त्यांनी शिवाशिव पाहिली नाही. एकीकडे लोकांच्या भावनेला मान देताना जात पोसली जाणं, दुसरीकडे जात मोडून माणूस उचलणं: हा पेच तेव्हापासूनचा आहे आणि आजही सुटलेला नाही.

लोकांना आधी विचारलं तर काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात चांगलं उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' सुरू केली. दवाखाना बांधायच्या आधी त्यांनी गोंड लोकांना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरं अशी आली, की कुठल्याही आर्किटेक्टला सुचली नसती. मोठ्या इमारतीत हरवायला होतं. नातेवाइकांना आत राहू देत नाहीत. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आमच्यात पांढऱ्यात गुंडाळतात ते मेलेल्या माणसाला. मग शोधग्रामात झोपड्यांसारख्या खोल्या झाल्या, सोबतच्यांना राहायची जागा झाली, आणि दवाखान्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. देवी लोकांची, औषध डॉक्टरांचं. डॉक्टर तिथे देवीचे पुजारी झाले नाहीत, आणि पुजाऱ्याच्या हाती कोणी इंजेक्शन दिलं नाही.

मुळशीतल्या कातकऱ्यांना असं कोणी विचारलं आहे का? कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया. पावसाळा संपला की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात. आशाताईची नोंदवही त्यांच्यामागे भट्टीवर जात नाही. दवाखान्यात आल्यावर आपल्याला झिडकारतील ही भीती असतेच. त्यात आपले देव दवाखान्यातल्या लोकांना देव वाटत नाहीत, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून मंत्र घालणाऱ्या भगताकडे जाऊन आलो, हे ते डॉक्टरला सांगतच नाहीत. आणि डॉक्टरला नेमकं तेच कळायला हवं असतं: किती तास गेले, काय पाजलं, कुठे डागलं.

इथेच सापाचा विषय येतो. मुळशीत पाऊस धो-धो पडतो, भातलावणीच्या दिवसांत माणूस गुडघाभर चिखलात वाकलेला, रात्री अंधारात बांधावरून ये-जा. सर्पदंश ही इथली नेहमीची गोष्ट. दंश झाला की पहिला फोन जीपवाल्याला जातो की भगताला, यावर पुढचं सगळं ठरतं. भगताचं प्रस्थ टिकण्याचं कारण साधं आहे: बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. न चढलेलं विष भगत उतरवतो आणि नाव कमावतो. घाट उतरून कोकणात गेलं की महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर भेटतात. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं, हे त्यांनी ऐंशीच्या दशकात दाखवून दिलं. विंचवाच्या दंशानं पटापट मरणारी पोरं वाचू लागल्यावर लोक आपणहून दवाखान्यात येऊ लागले. मंत्राला भाषणानं उत्तर देता येत नाही. गुण येणाऱ्या औषधानं येतं.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात 20 ऑगस्ट 2013 ला हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करत बसणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. नेमकेपणा बघण्यासारखा आहे. गुन्हा आहे तो उपचाराला आडवं येण्याचा. दंश झालेल्याच्या आईनं रुग्णवाहिकेत वाघजाई देवीचं नाव घेणं हा गुन्हा नाही. श्रद्धेला दवाखान्यात जागा द्या म्हटलं की विवेकवादी मित्र दचकतात. त्यांचं दचकणं मला पटतं, कारण बुवाबाजीला खिडकीतून शिरायला वेळ लागत नाही. पण रेघ कुठे मारायची हे याच कायद्यानं दाखवलं आहे. उपचार थांबत असेल तर नाही. उपचाराच्या सोबतीनं चालत असेल तर आपण कोण बोलणारे?

मानसिक आजारात ही रेघ आणखी अवघड होते. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात 6 ऑगस्ट 2001 ला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण जळून मेले, 28 जण. आता 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळदंडाला पूर्ण बंदी आहे. दुसरीकडे गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुवा' नावाचा प्रयोग झाला. मुजावरांनाच थोडं शिकवलं, आणि त्यांनी दुवा देऊन शेजारच्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडे मांढरदेवीच्या वाटेवर, गावोगावच्या देवऋषीच्या ओट्यावर 'बाहेरचं' म्हणून किती नैराश्य, किती स्किझोफ्रेनिया, किती फीट बसलेली असेल! त्या ओट्यावरून दवाखान्याकडे चिठ्ठी कशी जाईल, हा विचार शिव्या देण्यापेक्षा उपयोगी.

पण साप आणि भूत यांच्या नादात रोजचं राहून जातं. रोजचं म्हणजे मंगळसूत्र. ऑपरेशनला नेताना अंगावर धातू नको. डायाथर्मीनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चाकूनं, चटका बसू शकतो, मान सुजली तर अडचण. सिस्टर सांगते काढा. बाई काढत नाही. मोकळ्या गळ्यानं आत जायचं आणि तेही भूल घेऊन, जिथून परत येऊ की नाही ठाऊक नाही! या क्षणी दोन तऱ्हेच्या सिस्टर असतात. एक म्हणते, "नियम आहे, काढा नाहीतर ऑपरेशन रद्द." दुसरी म्हणते, "ताई, मणी सासूबाईंच्या ओटीत द्या, मी दोऱ्यात हळकुंड बांधून देते तुम्हाला." हळकुंडाचा दोरा गळ्यात चालतो हे तिला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नसतं, घरी माहीत असतं. शिखाच्या हातातलं कडं, मुसलमानाच्या दंडावरचा ताईत, वारकऱ्याची तुळशीची माळ: प्रत्येकाला असा काहीतरी तोडगा असतो, पट्टीनं गुंडाळणं, सरकवून दुसरीकडे बांधणं. अडचण अशी की हळकुंड माहीत असलेल्या सिस्टरला कड्याचं माहीत नसतं. आपल्या धर्माबद्दलचा कनवाळूपणा आपोआप येतो, दुसऱ्याच्या धर्माबद्दलचा शिकावा लागतो.

बाळंतपणाचंही तसंच. सिझेरियन झालेल्या बाईनं सात दिवस दवाखान्यात राहावं असा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा हिशोब. म्हणजे बाळाची पाचवी नेमकी वॉर्डात येते. सटवाई त्या रात्री बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाणार, आणि बाळंतीण पंखा घरघरणाऱ्या खोलीत, शेजारी तीन परक्या खाटा. घरी न्यायची घाई सुरू होते, 'स्वतःच्या जबाबदारीवर' सही करून टाके ओले असतानाच जीपमध्ये बसवलं जातं. खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर कोरा कागद, पेन आणि हळदीकुंकू ठेवायला परवानगी दिली, तर दवाखान्याचं काय बिघडतं? दिवा मात्र नाही, ऑक्सिजनच्या शेजारी दिवा कुठलीही सटवाई मागणार नाही. काजळाचं बोट डोळ्यात नको, तळपायाला चालेल. अंगारा बाळाच्या तोंडात नको, पाळण्याला पुडी बांधा. हे सगळं सौदा केल्यासारखं बोलावं लागतं आणि ते बोलायला दहा मिनिटं लागतात. चाळीस खाटांमागे दोन सिस्टर असताना दहा मिनिटं कुठून आणायची, हा खरा प्रश्न आहे, आणि तो धर्माचा नाही.

उपवासाबद्दल आमच्या डॉक्टरांची एक गंमत आहे. मधुमेही मुसलमान रमजानात आला की ते सावध होतात, रोज्याचं विचारतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं 2016 मध्ये मार्गदर्शिकाच काढली, 2021 मध्ये ती सुधारली. पण एकादशी, चतुर्थी, सोमवार आणि श्रावण धरणाऱ्या आजींना कोणी विचारत नाही. एरवी दिवसभर पोळी-भाजी खाणारी आजी त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि भगर खाते. साखर रोज्यानं खाली जाते तशी इथे वर जाते. नवरात्रात अनवाणी राहायचं व्रत, वारीत अनवाणी चालणं, आणि मधुमेहानं बधिर झालेला तळपाय. जखम झाल्याचं तिसऱ्या दिवशी वासावरून कळतं. बहुसंख्यांची श्रद्धा ही श्रद्धा वाटतच नाही, हवेसारखी असते, म्हणून तपासलीही जात नाही. जैन रुग्णाच्या चौविहारामुळे, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याच्या व्रतामुळे, रात्रीची गोळी चुकते, तीही अशीच न विचारल्यानं.

प्रार्थनेनं आजार बरा होतो का, याचा निकाल विज्ञानानं जवळजवळ लावलेला आहे. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाच्या बायपास झालेल्या 1802 रुग्णांवर मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष 2006 मध्ये आले. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा गुंतागुंतींवर काही फरक पडला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली, 59 टक्के. हे वाचून नास्तिकांना आनंद झाला. पण प्रश्न तो नव्हताच. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या अमेरिकन रुग्णांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात, 2013 मध्ये, वेगळंच दिसलं. ज्यांना धर्मबांधवांचा आधार भरपूर होता ते शेवटच्या आठवड्यात अतिदक्षता विभागात जास्त गेले. पण ज्यांच्याशी वैद्यकीय चमूनंच श्रद्धेबद्दल बोलणं केलं, त्यांचे शेवटचे दिवस कमी धावपळीचे गेले. म्हणजे हा विषय देवळावर सोडून दिला तर उपचार वाढतात आणि डॉक्टरांनी हातात घेतला तर कमी होतात. खर्चाचा हिशोब करणाऱ्यांनी तरी इकडे लक्ष द्यावं.

जागतिक आरोग्य संघटनेत 1984 साली आरोग्याच्या आध्यात्मिक बाजूचा ठराव झाला. 1998 मध्ये आरोग्याच्या व्याख्येतच तो शब्द घालायचा प्रस्ताव आला, पण व्याख्या बदलली नाही. बरं झालं असं मला वाटतं. व्याख्येत शिरलं असतं तर एखाद्या मंत्रालयानं त्याचं शिबिर केलं असतं. काम झालं ते दुसरीकडून, मरणाऱ्या माणसाच्या खाटेपाशी. सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं, आणि वेदना शरीराची, मनाची, घरदाराची आणि श्रद्धेची मिळून एकच असते हे ठामपणे मांडलं. आपल्याकडे 1986 मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन आलं. मुळशीकरांच्या सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे वारज्याचं सिप्लाचं उपशामक उपचार केंद्र, 1997 पासूनचं, कर्करोगाच्या रुग्णांना मोफत. अशा ठिकाणी मॉर्फिनचा डोस ठरवणारा डॉक्टरच विचारतो, "मनाला काय टोचतंय?" आणि मग कळतं की पंढरीची वारी राहून गेली आहे, भावाशी बांधावरून वीस वर्षं बोलणं नाही, फेडायचा एक नवस शिल्लक आहे. मॉर्फिनला दाद न देणारं दुखणं कधीकधी भाऊ भेटायला आला की उतरतं.

शेवटचं पाणी हा आमच्या अतिदक्षता विभागातला रोजचा झगडा. काचेबाहेर नातेवाईक गंगाजल आणि तुळशीपत्र घेऊन, आत नळ्या लावलेला बाप. गिळता येत नसेल तर पाणी फुप्फुसात जाईल हे खरं, पण कापसाचा बोळा भिजवून ओठावर फिरवायला काय हरकत आहे? मुसलमानाच्या कानात कलमा, ख्रिस्ती माणसाला पाद्रीच्या हातचं तेल, बौद्धाला त्रिशरण-पंचशील. यासाठी भेटीच्या वेळेत पाच मिनिटांची सवलत लागते, इतकंच. जैन कुटुंब संथाऱ्याबद्दल, म्हणजे मरेपर्यंत अन्नपाणी सोडण्याच्या व्रताबद्दल, विचारतं तेव्हा प्रकरण गंभीर होतं. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2015 मध्ये तो आत्महत्येसारखा ठरवला, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानं आणि 2023 च्या सुलभीकरणानं शेवटच्या उपचारांबद्दल आगाऊ लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता मिळाली आहे, तेव्हा ही चर्चा आता शेवटच्या दिवशी न करता आधी करता येते.

कोणी विचारायचं, हा कळीचा मुद्दा. ब्रिटनमध्ये दवाखान्यांत पगारी धर्मोपदेशक असतात, आता त्यांत इमाम, रब्बी, हिंदू आणि निधर्मी सल्लागारही आले. ते आपल्याकडे नको. एका खुर्चीवर कुठला बुवा बसवायचा यावरून जिल्हा परिषदेत मारामारी होईल, आणि आजारी माणूस खाटेवर बांधलेला श्रोता असतो, त्याला प्रवचन देणं हा अन्याय आहे. बौद्ध रुग्णाला कोणी प्रेमानं अंगारा लावला तरी तो अन्यायच. त्यापेक्षा नर्स, समुपदेशक, आशाताई यांनी दोन साधे प्रश्न विचारावेत: घरचं दैवत कुठलं, कशानं धीर येतो? आणि तिसरा: इथं काही चालत नाही असं आहे का? 'काहीच मानत नाही' हेही उत्तर लिहून घ्यावं. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा भाग आहेच. लवळ्याला 2020 पासून मुलींचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्या संवादाच्या तासाला जवळच्या कातकरी वस्तीवरची एखादी म्हातारी शिकवायला आली, तर पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

मुळशी हा गंमतीचा तालुका आहे. धरणाच्या काठावर मनःशांतीची आलिशान केंद्रं आहेत, कोळवणला, हाडशीला मोठी धर्मस्थळं आहेत, शहरातली माणसं पैसे मोजून इथं अध्यात्म घ्यायला येतात. त्याच रस्त्यावरून रुग्णवाहिकेनं पौडला जाणाऱ्या बाईला मात्र देवाचं नाव घ्यायला चोरटेपणा करावा लागतो.

आणि मरणानंतर? सर्पदंशानं किंवा अपघातानं गेलेल्याचं शवविच्छेदन करावंच लागतं. मुसलमान कुटुंबाला दफन लवकर हवं असतं, आणि संध्याकाळी गेलेल्या माणसासाठी सकाळपर्यंत शवागाराबाहेर बसावं लागायचं. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रानं सोयी असतील तिथे सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला मुभा दिली. तालुक्याच्या ठिकाणी दिवे, डॉक्टर आणि मदतनीस रात्री मिळतील तेव्हा ती खरी. कोविडात, मार्च 2020 च्या अखेरीस, मुंबई महापालिकेनं सगळी प्रेतं जाळण्याचा हुकूम काढला आणि त्याच दिवशी मागे घेतला, पुढे मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं दफनाचा हक्क उचलून धरला. त्याच काळात पुण्यात मूलनिवासी मुस्लिम मंचाचे कार्यकर्ते बेवारस झालेल्या हिंदूंच्या चितांना अग्नी देत होते.